गेम लांबला म्हणजे आत नेमकं काय झालेलं असतं?

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही मला एकाच मुलाने विचारलेले. पहिला असा: ग्रँड थेफ्ट ऑटो (जीटीए) या व्हिडिओ गेमचा पाचवा भाग सप्टेंबर 2013 मध्ये आला, सहाव्याचा पहिला ट्रेलर थेट डिसेंबर 2023 मध्ये. आधी 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. एवढा पैसा आणि एवढी माणसं असून सिक्वेलला इतकी वर्षं का लागतात? तारीख पुढे गेली की आत काहीतरी फिसकटलंय असं समजायचं का? दुसरा प्रश्न घरचा आहे. त्याच्या मोठ्या भावाला एका स्टुडिओत, कित्येक वर्षं रखडलेल्या गेमवर थ्रीडी आर्टिस्ट म्हणून ऑफर आलीय. घ्यावी का?

मी पुण्यात गेम प्रॉडक्शनमध्ये आहे, बहुतेक काम परदेशी पब्लिशरांसाठी (गेमला पैसे देऊन तो बाजारात आणणाऱ्या कंपन्यांसाठी) को-डेव्हलपमेंटचं, म्हणजे त्यांच्या गेमचा काही भाग करून द्यायचं. प्रोड्यूसर म्हटलं की लोकांना सिनेमात पैसे लावणारा माणूस आठवतो. आमच्याकडे प्रोड्यूसर म्हणजे कुणाचं काम कुणावाचून अडलंय याचा हिशोब ठेवणारी, माइलस्टोनच्या, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांच्या, तारखा सांभाळणारी आणि तारीख हुकली की रात्रीच्या कॉलवर बोलणी खाणारी बाई. तेव्हा ‘लांबलं’ या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे.

माझं उत्तर असं की तारीख किती वेळा हलली यावरून फारसं कळत नाही. तोवर झालेलं काम किती वेळा टाकून द्यावं लागलं, ते शोधायचं.

जीटीएचं आधी उरकून टाकते. 2013 ते 2023 ही दहा वर्षं काही एकाच गेममध्ये गेलेली नाहीत. मधे जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने रेड डेड रिडेम्प्शन 2 केला, जीटीए ऑनलाइन वर्षानुवर्षं चालवलं. रेड डेड 2 सुद्धा आधी 2017 च्या शेवटी येणार होता, मग 2018 चा वसंत, आणि आला 26 ऑक्टोबर 2018 ला. जीटीए 5 सुद्धा 2013 च्या वसंतावरून सप्टेंबरवर गेला होता. दोन्ही गेम कसे निघाले ते सगळ्यांना माहीत आहे. दिवस-महिन्यासकट जाहीर झालेली तारीख जेव्हा पाच-सहा महिन्यांनी सरकते, तेव्हा बहुतेक वेळा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येत असतो. नवीन काही घालायचं नाही असं ठरलेलं असतं आणि रोज सकाळी बग ट्रॅकरवरचा, म्हणजे उरलेल्या चुकांचा, आकडा बघितला जातो. हा आकडा सरळ खाली उतरत नाही. ओपन वर्ल्ड (खेळाडूला हवं तिथे फिरता येईल अशा) गेममध्ये बग कसा असतो? पाऊस पडतोय, रात्र आहे, खेळाडू मोटरसायकलवरून उडी मारतोय आणि नेमक्या त्या क्षणी ऑटोसेव्ह झाला, तर पुढच्या वेळी पात्र रस्त्याच्या खाली उगवतं. हे क्यूएच्या (टेस्टिंग टीमच्या) कुणाला तरी एकदाच दिसतं, पुन्हा करून बघायला दोन दिवस जातात, आणि ते दुरुस्त केलं की दुसऱ्या मिशनमधली गाडी गायब होते. या कामाला वेळ लागतो, त्यात काळजीचं काही नसतं. उलट सहा महिने मागून घेणाऱ्या कंपनीवर माझा जास्त विश्वास बसतो.

खरा घोळ कसा असतो ते बघायचं तर ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर बघायचा. हा किस्सा पुष्कळांनी विनोद म्हणून ऐकलेला असतो. आमच्या धंद्यात मात्र तो नीट अभ्यासावा असा आहे.

ड्यूक न्यूकेम थ्रीडी जानेवारी 1996 मध्ये आला आणि तुफान चालला. डॅलसजवळच्या थ्रीडी रिअल्म्स कंपनीने एप्रिल 1997 मध्ये सिक्वेल जाहीर केला. इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर उभा राहतो तो सॉफ्टवेअरचा पाया, घेतलं क्वेक 2 या गेमचं. जून 1998 मध्ये, ट्रेलर दाखवून झाल्यावर लगेच, जाहीर केलं की आता अनरिअल इंजिनवर जाणार. वाचायला हे सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात इंजिन बदललं की पात्रांची मॉडेल्स आणि टेक्श्चर थोडीफार पुढे नेता येतात. लेव्हल्स पुन्हा बांधाव्या लागतात, प्रकाश पुन्हा लावावा लागतो. शत्रू कधी दिसतो, दार कधी उघडतं, हे सांगणाऱ्या स्क्रिप्ट पुन्हा लिहाव्या लागतात. आणि डिझायनरच्या हाताला जुन्या एडिटरची जी सवय झालेली असते, तिचं पाणी होतं. हे शेवटचं कुठल्याही शेड्यूलमध्ये लिहिलेलं नसतं, पण महिने खातं.

2001 च्या ई-थ्री प्रदर्शनात त्यांनी जो ट्रेलर दाखवला तो त्या काळात खरोखर डोळे दिपवणारा होता. त्याच काळातला एक बिल्ड (गेमची कच्ची, चालणारी आवृत्ती) मे 2022 मध्ये इंटरनेटवर फुटला. लोकांनी तो खेळून बघितला तर काही लेव्हल्स चक्क खेळण्याजोग्या होत्या, काही नुसत्या रिकाम्या. म्हणजे गेम अगदी हवेत नव्हता. तिथे थांबून, असेल त्यातलं बरं ते निवडून, एक-दोन वर्षांत बाहेर काढता आला असता, असं माझं मत आहे. तसं झालं नाही. त्यानंतर पुन्हा इंजिनाचा मोठा भाग बदलला. प्रमुख जॉर्ज ब्रूसर्ड याला बाजारात नवीन गेम आला की त्यातलं काहीतरी आपल्यातही हवं असायचं, असं तिथल्या माजी कर्मचाऱ्यांनी नंतर सांगितलं. टीमही लहान होती. त्या काळात मोठ्या गेमसाठी पन्नासच्या वर माणसं लागू लागली होती आणि हे त्याच्या निम्म्याहून कमी.

मग त्यांना कुणी थांबवलं कसं नाही? कारण पैसे त्यांचे स्वतःचे होते. ड्यूक थ्रीडीने कमावलेले होते, पुढे मॅक्स पेन या दुसऱ्या गेमचे हक्क विकूनही पैसा आला. पब्लिशरच्या पैशावर काम चालतं तेव्हा माइलस्टोन चुकला की हप्ता थांबतो. माणूस चरफडतो, पण काहीतरी कापून पुढे जातो. यांच्यावर असा दट्ट्याच नव्हता. तारीख विचारली की उत्तर ठरलेलं: तयार होईल तेव्हा येईल. अखेर मे 2009 मध्ये पैसे संपले, टीमला घरी पाठवलं, पब्लिशर टेक-टूने कोर्टात खेचलं. काही जणांनी घरी बसून काम चालू ठेवलं, 2010 मध्ये गिअरबॉक्स या स्टुडिओने गेम ताब्यात घेतला आणि जून 2011 मध्ये तो बाजारात आला. समीक्षकांनी झोडपला.

तो खेळताना काय जाणवतं ते सांगते, कारण हे शिकण्यासारखं आहे. मूळ ड्यूक पाठीवर अख्खा शस्त्रसाठा घेऊन फिरायचा. फॉरएव्हरमध्ये एका वेळी दोनच शस्त्रं (पुढे पीसीवर पॅच देऊन मर्यादा वाढवली). हे हॅलो या गेमचं वळण, म्हणजे 2001 नंतरचं. मधेच वजन ठेवून फळी वर करायची कोडी येतात. तो हाफ-लाइफ 2 चा काळ, 2004 नंतरचा. विनोद मात्र 1996 चेच. प्रत्येक पिढीने एकेक खोली वाढवलेल्या वाड्यासारखा तो गेम आहे. कुठल्या खोलीचं दार कुठे उघडतं याचा कुणी एकाने कधी विचारच केलेला नाही. चौदा वर्षं एका गेमवर काम झालं असं म्हणणं बरोबर नाही. अर्धवट असे तीन-चार गेम झाले आणि शेवटी त्यांची मोट बांधली.

इथे ट्रेलरबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण पुष्कळ गेम डेमोपायी आजारी पडतात. एका परदेशी गेमवर आम्ही काम करत होतो. प्रदर्शनात दाखवायच्या डेमोत नायक छपरावरून पळत येऊन समोरच्या बाल्कनीला लटकतो असा शॉट होता. आमच्या चढण्या-लटकण्याच्या सिस्टिमला तेव्हा हे जमत नव्हतं. मग डिझायनरने छपराच्या कडेला न दिसणारा एक ट्रिगर ठेवला. पात्र त्यावरून गेलं की ठरलेलं ॲनिमेशन लागायचं आणि कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरायचा. खेळून दाखवणाऱ्याने दोन पावलं डावीकडून उडी मारली असती तर नायक सरळ गल्लीत पडला असता. डेमोची वेगळी ब्रँच (गेमची निराळी प्रत) काढलेली, ती मूळ गेममध्ये कधीच मर्ज होणार नव्हती. टाळ्या पडल्या. परत आल्यावर वरून निरोप आला की लोकांना तो शॉट फार आवडला, तो सगळ्या शहरात चालला पाहिजे. म्हणजे प्रत्येक छप्पर, प्रत्येक बाल्कनी. डेमोला गेलेले आठवडे गेलेच, वर त्याने नवीन वचन गळ्यात बांधलं. युबिसॉफ्ट कंपनीच्या बियाँड गुड अँड ईव्हल 2 चा 2017 चा ट्रेलर बघताना मला हेच आठवत होतं. 2008 मध्ये पहिली झलक, 2017 मध्ये अख्ख्या सूर्यमालेची स्वप्नं, 2020 मध्ये त्याचा कर्ता मिशेल आन्सेल बाहेर, आणि 2022 मध्ये जाहीर करून न आलेल्या गेमच्या शर्यतीत त्याने ड्यूकलाही मागे टाकलं.

आता जवळचं. आपल्या पुण्या-मुंबईचं नाव या विषयात ज्या गेममुळे जोडलं गेलं तो सिक्वेल नव्हता, रिमेक होता: प्रिन्स ऑफ पर्शिया, सँड्स ऑफ टाइम. मूळ गेम 2003 चा, युबिसॉफ्टच्या माँट्रिअल स्टुडिओचा. युबिसॉफ्टने पुण्याचा स्टुडिओ 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला होता, मुंबईचा 2018 मध्ये उघडला, आणि हा रिमेक या दोन स्टुडिओंच्या हाती दिला. सप्टेंबर 2020 मध्ये घोषणा झाली तेव्हा इथल्या प्रत्येक गेमवाल्याच्या फोनवर तो ट्रेलर फिरत होता. एवढ्या मोठ्या नावाच्या गेमचं मुख्य काम आपल्याकडे, ही गोष्टच नवी होती. जगभरातल्या खेळाडूंनी मात्र चेहरे आणि ग्राफिक्स बघून टर उडवली. रिलीज होती 21 जानेवारी 2021. ती 18 मार्च झाली, मग तारीखच काढून टाकली. मे 2022 मध्ये काम माँट्रिअलकडे गेलं. तिथे ते जवळपास पहिल्यापासून सुरू झालं, जून 2024 मध्ये ‘2026’ एवढंच दाखवणारा छोटा टीझर आला, आणि जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टने गेम रद्द केला.

इथल्या मुलांना जमलं नाही, असं म्हणून लोक मोकळे झाले. मला ते पटत नाही. एक तर रिमेक सोपा, हाच गैरसमज. त्या गेमचा प्राण म्हणजे वेळ मागे नेणं. खेळाडू पडला की बटण दाबून काही सेकंद मागे जायचं. त्यासाठी प्रत्येक शत्रू, प्रत्येक तुटणारी फळी, प्रत्येक ॲनिमेशन क्षणाक्षणाला नोंदवून ठेवावं लागतं, आणि उलटं चालवताना ते विश्वासार्ह दिसावं लागतं. 2003 मध्ये पडद्यावर मोजक्या वस्तू असायच्या. आजच्या अपेक्षेप्रमाणे कापड उडतंय, धूळ उठतेय, भिंतीचे तुकडे होतायत, आणि हे सगळं मागे न्यायचं. हा निर्णय पहिल्या महिन्यात घ्यावा लागतो, शेवटी लावता येत नाही.

दुसरं, आपल्याकडच्या स्टुडिओंचा हात कशावर बसलेला आहे? आर्ट, पोर्टिंग (तयार गेम दुसऱ्या मशीनवर नेणं), टेस्टिंग, दुसऱ्याने आखलेल्या गेममधल्या लेव्हल्स. काम उत्तम होतं. पण काय करायचं नाही हे ठरवायचं काम, म्हणजे प्री-प्रॉडक्शन, नेहमी दुसऱ्या देशात होतं. तो सराव मिळायला एखादा लहान गेम आधी पूर्ण आपल्या जबाबदारीवर काढलेला असावा लागतो. आणि तिसरं: रिलीजच्या चार महिने आधी जगाला पहिल्यांदा गेम दाखवणं. लोकांनी चुका दाखवल्या तरी दुरुस्तीला वेळ कुठे उरतो? तोही कोविडच्या वर्षात. हे वेळापत्रक कुणा मॉडेलिंग करणाऱ्या मुलाने केलेलं नसतं.

स्टुडिओ बदलला की गेम बुडालाच, असंही नाही. डेड आयलंड 2 ची घोषणा 2014 ची. बर्लिनच्या यागर स्टुडिओकडून 2015 मध्ये काम काढून घेतलं, सुमो डिजिटलला दिलं, त्यांच्याकडूनही काढलं आणि 2019 मध्ये ते नॉटिंगहॅमच्या डॅमबस्टरकडे आलं. एप्रिल 2023 मध्ये गेम आला, तोही जाहीर तारखेच्या आठवडाभर आधी, आणि पहिल्या तीन दिवसांत दहा लाख प्रती गेल्या. नऊ वर्षं रखडलेला गेम म्हणून सगळे नाकं मुरडत होते. वास्तविक तो चार वर्षांत केलेला गेम होता. डॅमबस्टरने आधीच्यांचा पसारा बाजूला ठेवला, झोंबीचं मांस नेमकं वार बसेल तिथूनच फाटलं पाहिजे या एका गोष्टीवर जीव ओतला, आणि खुलं अखंड जग न करता लॉस एंजेलिसचे वेगवेगळे भाग केले. निंटेंडोनेही मेट्रॉइड प्राइम 4 बाबत जानेवारी 2019 मध्ये चक्क व्हिडिओ काढून सांगितलं की दर्जा मनासारखा नाही, रेट्रो स्टुडिओजबरोबर पुन्हा पहिल्यापासून करतोय. तो डिसेंबर 2025 मध्ये आला. आधीचं टाकून दिल्याचं असं उघडपणे सांगणारी कंपनी क्वचित भेटते.

हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्वची तऱ्हा निराळी. हाफ-लाइफ 2 ला फार वेळ लागला म्हणून त्यांनी पुढची कथा छोट्या भागांत द्यायचं ठरवलं. पहिला भाग 2006, दुसरा 2007, आणि कथा ऐन मोक्यावर सोडून तिसरा आलाच नाही. लांबण टाळायचा उपायच लांबला. व्हॉल्वचा प्रमुख गेब न्यूवेल 2024 च्या माहितीपटात म्हणाला त्याचा मथितार्थ असा की तिसऱ्या भागातून नवीन काय साध्य होणार हे त्याला सापडेना. प्रामाणिक उत्तर आहे, पण ज्यांनी दुसरा भाग संपवून ठेवलाय त्यांना ते ऐकून बरं वाटलं नसणार.

आणि हॉलो नाइट सिल्कसाँग, ज्याने माझा स्वतःचा एक सिद्धांत डळमळीत केला. अ‍ॅडलेडची टीम चेरी म्हणजे जेमतेम तीन-चार माणसं. फेब्रुवारी 2019 मध्ये घोषणा, 4 सप्टेंबर 2025 ला गेम. मधे वर्षानुवर्षं शांतता. लोकांनी मीम करून करून दमवलं. मुळात पहिल्या गेमच्या क्राउडफंडिंगमध्ये कबूल केलेला हा एक जादा भाग होता, तो वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला. पैसा स्वतःचा, वर कुणी नाही, तारखेचं बंधन नाही. म्हणजे ड्यूकची सगळी लक्षणं. मग हा का नाही बुडाला? ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन या टीम चेरीच्या दोघांनी रिलीजच्या आधी मुलाखतीत सांगितलं की आत काहीच बिघडलं नव्हतं, मजा येत होती म्हणून भर घालत राहिलो. गिब्सनला म्हणे स्केच काढणंच थांबवावं लागलं, कारण काढलेलं प्रत्येक चित्र गेममध्ये जाऊन बसत होतं.

माझ्या मते कळीची गोष्ट इथे आहे. हाताने काढलेलं द्विमितीय चित्र 2019 मध्ये काढलं काय आणि 2025 मध्ये वापरलं काय, ते शिळं होत नाही. ड्यूकचा काळ असा होता की दर दोन वर्षांनी ग्राफिक्सची उडी पडायची आणि आधीचं काम केविलवाणं दिसायचं. टीम चेरीची भर आधीच्या कामावर पडत गेली, ड्यूकची भर आधीचं काम पुसत गेली. शिवाय तीन-चार माणसांचा सहा वर्षांचा पगार एक गाजलेला गेम सहज पेलतो. दोनशे माणसांचा क्वचितच एखादा पेलतो.

आता भावाच्या ऑफरचं. रखडलेला गेम म्हणून लगेच नकार देऊ नका. गेम रद्द झाला तरी पगार मिळालेला असतो आणि हात तयार झालेला असतो. अडचण वेगळीच आहे. रद्द झालेल्या गेममधलं काम एनडीएमुळे (गुप्ततेच्या करारामुळे) पोर्टफोलिओत टाकता येत नाही. तीन वर्षं एखाद्या राजवाड्याचे खांब कोरले आणि पुढच्या मुलाखतीत दाखवायला काही नाही, अशी मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. मी मग त्यांना आर्ट टेस्ट देते, पण प्रत्येक जण देतोच असं नाही. म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी स्वतःचं एखादं दृश्य करत राहावं, फक्त कामाच्या फायली आणि ऑफिसचं मशीन त्याला लावू नये.

मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा त्याने विचारावं. गेम आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो का, भले कच्चा असेल? येत असेल तर उरलेलं काम मोजता येतं. सध्याचा डिरेक्टर किती दिवसांपासून आहे, आणि त्याने आधीच्याचं काय ठेवलं? इंजिन शेवटचं कधी बदललं? मधेच नोकरी सोडली तर क्रेडिटमध्ये नाव राहतं का? हे शेवटचं लेखी मागावं, कारण रिलीजच्या वेळी जे हजर असतील त्यांचीच नावं घालणारे स्टुडिओ आहेत. पहिल्या प्रश्नाला लीडने सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं तर ऑफर विचार करण्याजोगी. ‘आम्ही खूप एक्सायटिंग टप्प्यावर आहोत’ असं काही ऐकू आलं, तर नोटीस पीरियड किती आहे तेही तिथेच विचारून घ्यावं.